उपकार, उतराई आणि आज्ञा : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील कृतज्ञतेचा विचार

मराठी माणूस उपकाराविषयी बोलू लागला की त्याच्या तोंडी बहुधा ओझ्याची आणि कर्जाची भाषा येते. उपकाराचे ओझे असते, उपकाराखाली माणूस दबतो, उपकाराची फेड करावी लागते आणि ती साधली तर तो उतराई होतो. ‘आभार’ या आज निव्वळ शिष्टाचाराच्या झालेल्या शब्दातही ‘भार’ अद्याप ऐकू येतो. ‘उतराई’ या शब्दाचे ‘उतरणे’ या क्रियापदाशी असलेले नाते तर सांगावयासच नको. डोक्यावर चढलेले काही तरी खाली उतरले म्हणजे माणूस मोकळा झाला, असा त्यातील भाव आहे. संतांच्या वाणीतही हा शब्द वारंवार येतो. मात्र तेथे तो बहुधा ‘उतराई कसा होऊ?’ अशा प्रश्नाच्या रूपाने येतो, आणि उतराई होणे शक्य नाही हेच त्या प्रश्नाचे अध्याहृत उत्तर असते.

संस्कृतातून आलेल्या ‘कृतज्ञ’ या शब्दाची घडण याहून निराळी आहे. जे केले गेले ते जाणणारा तो कृतज्ञ. केलेल्याचा घात करणारा तो कृतघ्न. तिरुक्कुरळाच्या अकराव्या अधिकाराचे तमिळ शीर्षकही याच दिशेने जाते. केलेले चांगले जाणणे असाच त्याचा अर्थ आहे. येथे कृतज्ञता ही प्रथम एक प्रकारची ओळख आहे, परतफेडीचा प्रश्न मागाहून येतो. तथापि ऋणाची कल्पना केवळ मराठी बोलीपुरतीच आहे असे समजण्याचे कारण नाही. ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो, ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे प्रजेने फेडतो, हा विचार तैत्तिरीय संहितेत स्पष्टपणे मांडलेला आहे. तेव्हा कृतज्ञता म्हणजे जाणीव आणि कृतज्ञता म्हणजे ऋण, असे दोन प्रवाह आपल्या भाषांत फार पूर्वीपासून शेजारी शेजारी वाहत आले आहेत.

मराठी ख्रिस्ती लेखकापुढे या दोन प्रवाहांमुळे एक पेच उभा राहिला आणि त्या पेचाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे ईश्वराची कृपा ही मोफत आहे. ती कमावता येत नाही आणि फेडताही येत नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने मजुरी आणि दान यांतील भेद याच कारणासाठी केला आहे. परंतु त्याच श्रद्धेत आज्ञापालनाचा आग्रहही तितकाच ठाम आहे. मग हे आज्ञापालन म्हणजे काय? ते फेडीचा हप्ता असेल तर कृपा मोफत उरत नाही. आणि ते फेड नसेल तर ते कशासाठी? निरनिराळ्या भाषांचे विद्यार्थी एकत्र बसलेल्या वर्गात हा प्रश्न मला एकदा सरळच विचारण्यात आला होता, आणि त्या वेळी मी दिलेले उत्तर पुष्कळ पुस्तकी होते हे कबूल केले पाहिजे.

हा पेच केवळ धर्मशास्त्रीय नाही. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात ख्रिस्ती झालेल्या माणसाकडे त्याचे पूर्वीचे जातभाई आणि त्याचे नवे उपकारकर्ते, दोघेही उपकाराच्याच चष्म्यातून पाहत होते. पहिल्यांचा आरोप असा की, हा भाकरीसाठी बाटला. दुसऱ्यांची अपेक्षा अशी की, ज्याला आपण आश्रय दिला, शिकविले, पोसले, त्याने आपले ऐकावे. दोन्ही बाजूंच्या मनात हिशेबाची वही एकच होती. या वहीतून ईश्वराविषयीची कृतज्ञता सोडवून घेणे, हे मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील चांगल्या लेखकांचे खरे काम होते असे मला वाटते. हे त्यांनी ज्या रीतीने केले तीत आज्ञापालन सुटले नाही. उलट आज्ञा कोणाची मानावयाची आणि कोणाची नाही, हे त्यांना अधिक स्पष्ट दिसू लागले.

त्यांच्या लेखनाकडे वळण्यापूर्वी बायबलमधील काही स्थळे ध्यानात घेणे आवश्यक आहे. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात दहा आज्ञा येतात, पण त्यांच्या आधी एक वाक्य येते, आणि ते आज्ञेचे नाही. ज्याने मिसरच्या दास्यातून तुम्हांला बाहेर काढले तो मी, अशी बोलणाऱ्याची ओळख त्यात आहे. सुटका आधी झालेली आहे, आज्ञा नंतर दिली जात आहे. ‘हे पाळाल तर सोडवीन’ असा तेथे करार नाही. सोळाव्या शतकातील प्रॉटेस्टंट धर्मशिक्षणाच्या ग्रंथांत या क्रमाविषयी मोठा विचार झालेला दिसतो. ल्यूथरच्या १५२९ च्या लघु प्रश्नोत्तरीत आज्ञा आरंभीच येतात. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीचे मात्र तीन भाग आहेत: मनुष्याची दुर्दशा, त्याची सुटका आणि त्याची कृतज्ञता. दहा आज्ञांचे विवरण या तिसऱ्या भागात, कृतज्ञतेच्या शीर्षकाखाली घातले आहे. एका ग्रंथाच्या अनुक्रमाने केवढा सिद्धान्त सांगता येतो याचे हे उत्तम उदाहरण होय. स्कॉटिश मिशनऱ्यांच्या परंपरेतील १६४७ च्या वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरीतही आज्ञांच्या प्रस्तावनेवर स्वतंत्र प्रश्न आहे, आणि ईश्वर हा आपला तारणारा आहे म्हणून आपण त्याच्या आज्ञा पाळण्यास बांधलेले आहोत, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे.

दुसरे स्थळ स्तोत्रसंहितेतील एकशे सोळावे स्तोत्र. मृत्यूच्या दाढेतून वाचलेला भक्त स्वतःलाच विचारतो की, ईश्वराच्या इतक्या उपकारांबद्दल मी त्याला काय परत देऊ? प्रश्न अगदी उतराईचा आहे. एखाद्या वारकऱ्याने विचारावा तसा. पण पुढचे उत्तर चमत्कारिक आहे. तो म्हणतो की, मी तारणाचा प्याला हाती घेईन. काय देऊ या प्रश्नाला ‘घेईन’ असे उत्तर! मग तो नवस फेडण्याविषयी बोलतो, सर्व लोकांसमक्ष. पण पहिली क्रिया घेण्याची आहे. या स्तोत्रावर विवेचन करताना पुष्कळ टीकाकार या वळणावरून घाईने पुढे जातात, हे मला नेहमी खटकते. सबंध प्रश्नाची किल्ली येथेच आहे: ज्याची फेड होत नाही अशा देणगीला प्रतिसाद देण्याची पहिली रीत म्हणजे ती पूर्णपणे स्वीकारणे.

लूकच्या सतराव्या अध्यायातील दहा कुष्ठरोग्यांची कथा तर सर्वपरिचितच आहे. दहांनाही याजकांकडे जाण्याची आज्ञा झाली. दहाही ती पाळून निघाले. वाटेत दहाही बरे झाले. परत आला तो एकटा, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या दृष्टीने बाहेरचा. बारकाईने पाहिले तर शब्दशः आज्ञापालन नऊ जणांनी केले आहे आणि परत फिरलेल्याने ते मध्येच थांबविले आहे. कथा मात्र त्याचीच वाखाणणी करते. आज्ञापालन आणि कृतज्ञता यांचे नाते किती गुंतागुंतीचे आहे हे या लहानशा कथेइतके थोड्या शब्दांत इतरत्र क्वचितच सांगितले गेले असेल. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील दृष्टान्त या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवितो. राजाने राज्याएवढे कर्ज माफ केलेला चाकर बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. राजाने त्याच्याकडे फेड मागितलेली नव्हती. पण माफीचा ओघ पुढे वाहावा, ही अपेक्षा मात्र होती. उपकार वर परत जात नाही, तो आडवा पसरतो. प्रभूच्या प्रार्थनेच्या रूढ मराठी अनुवादात ‘ऋण’ आणि ‘ऋणी’ हे शब्द आले आहेत, आणि ते मत्तयाच्या मूळ ग्रीक शब्दाला धरूनच आहेत. म्हणजे ऋणाची भाषा ख्रिस्ती ग्रंथालाही परकी नाही. फक्त तेथे ऋण फेडले जात नाही, सोडले जाते.

आता ‘आज्ञापालन’ या शब्दाविषयी. हा शब्द दरबारी आणि थोडा लष्करी वाटतो. बायबलच्या हिब्रू भागात ऐकणे आणि मानणे यांसाठी एकच धातू वापरला जातो. ग्रीक आणि लॅटिन शब्दांच्या पोटातही ऐकणेच आहे. गंमत अशी की, मराठीलाही यासाठी कोणाकडे उसनवारी करावयास नको. आपल्याकडे मूल आईचे ‘ऐकते’ किंवा ‘ऐकत नाही’. त्याच्या कानांविषयी ही तक्रार नसते हे कोणालाही कळते. ‘ऐकणे’ हा शब्द ज्या घरात वावरतो ते घर ऋणको आणि धनको यांचे नाही. हा मुद्दा पुढे टिळकांच्या संदर्भात पुन्हा येईल.

मराठीत ख्रिस्ती आशयाचे थोर काव्य प्रथम निर्माण झाले ते गोव्यात. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे पहिले पुराण जुन्या कराराचे व दुसरे नव्या कराराचे आहे; तो रोमन लिपीत छापला गेला, आणि त्या शतकातील तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मराठी भाषेच्या गौरवाच्या त्यातील ओव्या पाठ्यपुस्तकांमुळे घरोघरी पोचल्या. ग्रंथ मात्र फारसा वाचला गेला नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याचे रूप. पुराण हे ऐकावयाचे असते. श्रोते पाद्रीगुरूला प्रश्न विचारतात, तो सांगतो, ते ऐकतात. आधी ईश्वराने काय काय केले त्याची दीर्घ कथा आणि त्या कथेच्या ओघात श्रोत्याने काय करावे याचा बोध, हा पुराणाचा क्रम निर्गमाच्या क्रमाशी सहज जुळतो. तथापि येथे एक सावधगिरी पाळली पाहिजे. साष्टीतील ज्या श्रोत्यांसाठी हा ग्रंथ होता त्यांची देवळे आदल्याच पिढ्यांत पाडली गेली होती आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळीस रक्तपात झाला होता. जेथे आज्ञेच्या मागे राज्यसत्ता उभी असते तेथे ऐकणे किती मनाचे आणि किती भयाचे, हे केवळ ओव्यांवरून ठरविता येत नाही. स्टीफन्सच्या भाषेवरील प्रेमाची साक्ष खरी आहे. तिच्या आड ही परिस्थिती झाकली जाऊ नये.

ब्रिटिश मुलखात १८१३ मध्ये मुंबईस अमेरिकन मराठी मिशनचे कार्य सुरू झाले. १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ निघू लागले. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे आणि ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र १८८८ चे. पदमनजींच्या आत्मकथनात उपकारस्मरण आहे, प्रामाणिकपणा आहे, पण आपल्या प्रश्नाची धार त्यात फारशी जाणवत नाही. त्यांचे मन सत्य कोणते या चर्चेत अधिक गुंतलेले होते. ती धार प्रथम जाणवते ती पंडिता रमाबाईंच्या लेखनात.

रमाबाईंच्या (१८५८–१९२२) बालपणीची हकीकत सर्वज्ञात आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर फिरले. संस्कृत त्या आईकडून शिकल्या. दुष्काळात आईबाप आणि थोरली बहीण गेली. १८९७ मध्ये लिहिलेल्या दुष्काळाच्या आठवणींत त्यांनी सांगितले आहे की, पुराणिकाच्या मिळकतीतून आणि साठविलेल्या पैशातून त्यांच्या वडिलांनी देवांना आणि ब्राह्मणांना दाने दिली, व्रते केली, जप केले. प्रत्युत्तर आले नाही. हे लिहिताना त्यांच्या मनात आईबापांविषयी उपहास नाही, करुणा आहे. परंतु देवाशी देण्याघेण्याचा व्यवहार कोठवर नेतो हे त्यांनी उपाशीपोटी पाहिले होते. (अर्थात सकाम व्रते म्हणजे अख्खा हिंदुधर्म नव्हे, वारकरी संतांनी देवाशी चालणाऱ्या या व्यवहाराची कमी निर्भर्त्सना केलेली नाही. रमाबाईंच्या अनुभवाला हा दुसरा प्रवाह लहानपणी फारसा भेटला नाही, एवढेच.)

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील भगिनींनी त्यांना आश्रय दिला, त्यांच्या तान्ह्या मुलीची काळजी घेतली. वैद्यकाचे शिक्षण घ्यावयाचे होते, पण मंद होत चाललेल्या श्रवणशक्तीमुळे ते राहून गेले. मग त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकू व संस्कृत शिकवू लागल्या. या काळातील त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादून प्रसिद्ध केला. मराठी ख्रिस्ती विचाराच्या अभ्यासकाला या इंग्रजी पत्रांइतका बोलका पुरावा दुसरा सापडणार नाही. सिस्टर जेराल्डीन यांना वाटे की, नव्या ख्रिस्ती व्यक्तीने चर्चच्या अधिकारापुढे नम्र व्हावे. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी रमाबाईंना शंका होत्या. शाकाहार त्या सोडावयास तयार नव्हत्या. क्रुसावरील लॅटिन अक्षरे पाहून, या लॅटिनमध्ये आमच्या संस्कृतपेक्षा अधिक काय आहे, असे त्या विचारीत. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावे की नाही यावर हिंदुस्थानातील बिशपांनी मत द्यावे, हे त्यांना मुळीच मान्य नव्हते. पुरोहितवर्गाचे एक जू मोठ्या कष्टाने उतरवून ठेवल्यावर तसलेच दुसरे जू आपण मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे त्यांनी १८८५ मध्ये लिहिले आहे.

हे अनेकांना कृतघ्नपणाचे वाटले. आजही काही वाचकांना तसे वाटू शकेल. वाँटेजच्या भगिनींचा स्नेह खरा होता आणि रमाबाईंनी तो कधी नाकारला नाही. त्या ऋणाचा उल्लेख त्या आदराने करतात. पण उपकारकर्त्याविषयीचा आदर आणि त्याच्या आज्ञेत राहणे, या दोन गोष्टी त्यांनी विलग केल्या. त्यांच्या युक्तिवादाचे स्वरूप केवळ स्वातंत्र्याच्या हक्काचे नाही. ईश्वराचे ऐकावयाचे तर मधल्या प्रत्येक आवाजाला ईश्वराचा आवाज समजता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. कानाने अधू होत चाललेल्या या बाईने कोणाचे ऐकावयाचे याविषयी दाखविलेला काटेकोरपणा पाहून मन थक्क होते.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साक्षीत रमाबाई सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे चेल्टनहॅममधील त्यांचा झगडा हा अद्याप कृपेचा पूर्ण अनुभव न आलेल्या स्त्रीचा झगडा होता, असे त्या स्वतःच सुचवितात. यावरून कोणी अनुमान काढील की, तो अनुभव आल्यावर त्या चर्चच्या आज्ञेत राहू लागल्या असतील. घडले ते निराळे. १८८९ मध्ये त्यांनी शारदा सदन उघडले ते बोस्टन येथे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या मंडळीच्या दहा वर्षांच्या आर्थिक हमीवर. ती मुदत संपत आली त्या सुमारास, १८९६–९७ च्या दुष्काळात, मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणि विधवा आणल्या. केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले, आणि त्याचा खर्च कोणत्याही एका आश्रयदात्याच्या हमीवर न ठेवता प्रार्थनेवर व आपखुशीने येणाऱ्या देणग्यांवर चालविण्याचे त्यांनी ठरविले. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरच्या अनाथालयाचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. याकडे केवळ भाविकपणा म्हणून पाहिले जाते. मला त्यात हिशेब मोडण्याचा जाणता प्रयत्न दिसतो. ज्या बाईचे आईबाप दुष्काळात गेले तिने पुढच्या दुष्काळात दुसऱ्यांच्या लेकी उचलून आणल्या. तिला मिळालेले वर परत गेले नाही, आडवे पसरले. सोळा वर्षांहून अधिक काळ खपून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबलचा मराठी अनुवाद केला, तोही अल्पशिक्षित बायकांना कळेल अशा साध्या भाषेत. तो पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

या चित्राला एक उणी बाजू आहे. मुक्ती सदनात आलेल्या दुष्काळपीडित मुलींना ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक किती होती? रमाबाईंनी वाँटेजमध्ये जो प्रश्न विचारला तो केडगावात त्यांना कोणी विचारला असता तर त्यांनी काय उत्तर दिले असते? त्या मुलींनी लिहिलेली पत्रे आपल्यापुढे त्याच प्रमाणात नाहीत, हे अभ्यासकाने विसरू नये.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची वाट दुसरी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढील आयुष्य मुख्यतः अहमदनगरच्या अमेरिकन मिशनच्या परिसरात गेले. तुकारामाचा पूल ओलांडून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते म्हणत. या उक्तीचा पुष्कळदा फार सैल अर्थ केला जातो. टिळकांनी तुकारामाकडून केवळ अभंगाचे वृत्त घेतले नाही. उपकाराच्या प्रश्नाचे एक तयार उत्तर घेतले, आणि ते ‘माउली’ या एका शब्दात आहे. वारकरी वाणीत विठ्ठल माउली आहे, ज्ञानेश्वर माउली आहे. टिळकांच्या भजनांत गुरू ख्रिस्त माउली होतो. आईच्या उपकाराची वही कोणी ठेवीत नाही. तिचे उपकार फिटत नाहीत हे लेकराला ठाऊक असते, आणि तरी ते त्या जाणिवेने दबून जात नाही; ते तिच्या अंगावर आणखी रेलते. एकशे सोळाव्या स्तोत्रातील ‘घेईन’ हे उत्तर मराठीत सर्वांत नैसर्गिकपणे कोणी दिले असेल तर ते टिळकांनी. आज्ञापालनही या नात्यात ‘ऐकणे’ होऊन जाते.

हे केवळ वारकरी भक्तीला ख्रिस्ताचे नाव जोडणे झाले, असा आक्षेप दोन्ही बाजूंनी घेण्यात आला आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. पण एक फरक दिसतो. वारकरी माउलीपाशी लेकराला मुख्यतः विसावा हवा असतो. टिळकांच्या ख्रिस्तमाउलीने लेकराला कामाला लावलेले असते. देश, दलित, शिक्षण, स्वदेशीचे प्रेम हे सारे त्यांच्या भक्तीच्या आतूनच येते. निर्गमातील क्रम येथे जाणवतो: आधी कवेत घेणे, मग बाहेर धाडणे.

मात्र माउलीच्या प्रतिमेत एक धोका दडलेला होता, आणि तो टिळकांना चांगला कळला होता. त्या काळी मराठी माणूस सरकारला ‘मायबाप’ म्हणे. मिशनच्या आवारात साहेबालाही तेच संबोधन मिळे. ईश्वरापुढे लेकरू होण्याची भाषा मिशनरीपुढे लेकरू राहण्याच्या सवयीत सहज विरघळू शकत होती. वयाने, विद्येने, अनुभवाने पोक्त झालेल्या एतद्देशीय ख्रिस्ती माणसाला पगार, घर आणि सल्ला वरून मिळत राहणे, आणि त्याने कृतज्ञ राहणे, हा शिरस्ता टिळकांना उत्तरोत्तर दुःसह होऊ लागला. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन करताना त्यांनी हिंदी चर्चच्या स्वावलंबनाविषयी सातत्याने लिहिले. १९१७ मध्ये त्यांनी संन्यासवृत्ती पत्करली, मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा ख्रिस्तभक्तांचा तो मेळा होता. मिशनमधील अनेकांशी त्यांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. भांडण करून ते निघाले नाहीत. ‘माय’ एकच ठेवावयाची असेल तर इतर मायबापांच्या पगाराची वही बंद करावी लागते, एवढेच त्यांनी केले. या प्रयोगाला जेमतेम दोन वर्षे मिळाली.

टिळकांच्या घरातच या विषयाचा तिसरा अध्याय लिहिला जात होता, आणि तो लिहिणारीला धर्मशास्त्राचे शिक्षण नव्हते. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ही पाच वर्षे आपल्या दृष्टीने फार मोलाची आहेत. पतीची आज्ञा हा त्या काळच्या स्त्रीधर्माचा गाभा. तिच्या जोरावर त्या दुसऱ्याच दिवशी ख्रिस्ती होऊ शकल्या असत्या, आणि कोणी नवलही केले नसते. त्या झाल्या नाहीत. नवऱ्याजवळ परत राहावयास गेल्यावरही त्यांनी आपले सोवळे सांभाळले. मग जातिभेद हा देवाने केलेला नव्हे, माणसाने केला, हे त्यांना त्यांच्या स्वतःच्या विचाराने पटले, आणि सोवळे प्रथम गळाले, बाप्तिस्मा नंतर आला. येथेही क्रम बोलका आहे.

‘स्मृतिचित्रे’त कृतज्ञतेचे शब्द थोडे आहेत. देवाने आम्हांस तारले असे लक्ष्मीबाई क्वचितच म्हणतात. त्याऐवजी घरात पैसा नसताना कोण आले, टिळकांनी हातचे काय देऊन टाकले, आपण कशा संतापलो आणि मग कसे हसू आले, हे सांगतात. टिळकांच्या दातृत्वाची किंमत कोणी मोजली असेल तर या बाईने. ईश्वराचे उपकार मुक्त आहेत असे गाणाऱ्या कवीच्या घरी वाण्याची उधारी मात्र मुक्त नव्हती, ही गोष्ट त्या नाटकीपणा न करता सांगून टाकतात. मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील उपकारस्तुतीला त्यामुळे जमिनीचा स्पर्श झाला. कृतज्ञतेचे पुष्कळसे लेखन जे बेगडी होते ते नेमके अशा तपशिलाच्या अभावी.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या मृत्यूमुळे आरंभीच्या अध्यायांवरच थांबले होते. लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि त्यात साठाहून अधिक अध्यायांची भर घातली. लग्नापूर्वी अक्षरओळखही नसलेली, नवऱ्याच्या हाताखाली तुटकतुटक शिकलेली ही स्त्री सतराशे अडचणींतून ओवी जुळवीत राहिली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले; ग्रंथ छापून आला १९३८ मध्ये. समीक्षकांनी या कामाला पतिऋणाची फेड म्हटले आहे. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या माणसाला हा शब्द रुचणार नाही. त्या दांपत्यात फेडाफेडीचा हिशेब कोणी आणि कधी ठेवला होता? टिळकांनी एक काम सांगून अर्धवट टाकले होते, आणि बाईंनी ते ऐकले होते.